फोल्डस्कोप : तुरीच्या मरीत एक अख्खा खरीप वापरलेला कागदी मायक्रोस्कोप

आधी निकाल सांगते, मग बाकीचं सविस्तर. ज्यांच्या रानात दरवर्षी तूर उबळते म्हणजे उभी वाळून जाते, हरभरा उबळतो, आणि दरवर्षी दुकानात जाऊन "मर लागलीय, काहीतरी द्या" म्हणायची पाळी येते त्यांनी हा फोल्डस्कोप नक्की घ्यावा. फक्त ह्याला डोळा लावला की रोगाचं नाव आणि औषधाचं नाव दोन्ही दिसेल अशी आशा असेल तर घेऊ नका, कारण तसं होत नाही, आणि ते का होत नाही हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

माझं थोडं. परभणीच्या कृषी विद्यापीठातून वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी केलं, लग्न होऊन मानवत तालुक्यात आले, तेव्हापासून शेतीच. काळं भारी रान, सोयाबीनमधे तूर, थोडा कापूस, रब्बीला हरभरा आणि घरच्यापुरती ज्वारी. कॉलेजात मोठ्या मायक्रोस्कोपवर दिवस दिवस बसायची सवय होती, ते सुटलं तेव्हापासून रोगाचं झाड हातात घेतलं की सारखं वाटायचं की आत काय चाललंय ते दिसत नाही आता, नुसता अंदाज. घरी मोठा मायक्रोस्कोप घ्यायचा म्हणजे खर्च, आणि घेतला तरी तो घरी राहणार, रोग राहणार आखाड्यावर, रानात. म्हणून गेल्या जुलैत हा मागवला.

वस्तू काय आहे ते सांगते. कागदाचा मायक्रोस्कोप, खरंच कागदाचा, म्हणजे न फाटणारा न भिजणारा कागद असतो तो. पाकिटात छापलेले शीट येतात, त्यातले तुकडे सोडवून रंग जुळवून घड्या घालायच्या आणि मधे एक बारीक काचेची गोळी बसवायची, तीच लेन्स. मोठं करून दाखवायची ताकद १४० पट, आणि २ मायक्रॉनपर्यंतचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक दिसतो असं त्याचे बनवणारे सांगतात. वजन दहा ग्रॅमच्या आतबाहेर. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की ह्यांनी बनवला, २०१४ ला त्याचा शोधनिबंध आला. मनू प्रकाश आपल्याकडचेच, मेरठचे, आयआयटी कानपूरला शिकलेले. स्वस्तात स्वस्त, शाळेतल्या पोरांच्या दप्तरात मावेल असा मायक्रोस्कोप करायचा ही त्यांची कल्पना मला फार मोठी वाटते आणि मी हे मनापासून लिहितेय.

जोडायला मला पाऊण तास लागला, पुतण्या सातवीत आहे, त्याचा स्वतःचा त्यानं वीस मिनिटात जोडला. फोकस करायला हात बसावा लागतो. दोन्ही हातात धरून अंगठ्यानं पट्टी सरकवायची, उलीशी सरकली की चित्र गायब, परत शोधायचं. पहिले चार दिवस मला कांद्याच्या सालीशिवाय काही धड दिसलं नाही, आणि ते बरंच झालं, कांद्याच्या सालीवरच सराव करा, थेट बुरशीवर जाऊ नका. मोबाईल चिकटवायला चुंबकाची चकती असते, कॅमेऱ्यावर लावली की चित्र मोबाईलवर येतं आणि मग घरातली सगळी माणसं एका वेळी बघू शकतात, हे सगळ्यात उपयोगाचं. उजेडासाठी मी सूर्य वापरत नाही, म्हणजे आभाळाकडे धरते पण सूर्याकडे थेट कधीच नाही, डोळ्याचा विषय आहे. रात्री टॉर्चसमोर एक पांढरा कागद धरायचा, छान दिसतं.

आता रानातलं.

आमच्या ओढ्याकडच्या कोपऱ्यात पाणी तुंबतं, चिबड आहे ती जागा. ऑगस्टमधे झडीचा पाऊस झाला आणि तिथली दीड-दोन महिन्याची तूर पटापट माना टाकायला लागली. दोन वर्षांपूर्वी हेच झालेलं, तेव्हा तालुक्याच्या एका दुकानात झाड न बघताच "मर आहे ताई, कार्बेन्डाझिम ड्रेंचिंग करा" असं सांगितलेलं, म्हणजे ते बुरशीनाशक पाण्यात मिसळून झाडाच्या बुडाशी ओतायचं, आणि आम्ही केलं, पंप पाठीवर घेऊन दोन दिवस घरातली सगळी राबली, आणि झाडं होती तशीच मेली. मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. शिकलेली असून मी झाड उपटून नीट बघितलं नाही ही माझी चूक, पण झाड न बघता बाटली काढून देणं हीपण चूकच आहे आणि त्यात आमचे हजारो रुपये गेले.

ह्या वेळी झाडं उपटून आणली. खोडावर जमिनीच्या वर वीतभर अंतरात तपकिरी काळपट खोलगट डाग, तिथूनच झाड मोडत होतं, मुळं मात्र बऱ्यापैकी शाबूत. डागाच्या कडेचे बारीक तुकडे कापले, स्वच्छ पाण्यानं धुतले, बशीत पाणी घेऊन त्यात रात्रभर तरंगत ठेवले. सकाळी त्या पाण्याचा थेंब आणि तुकड्याची कड असं स्लाइडवर घेतलं. बराच वेळ नुसते धागे दिसत होते, त्या धाग्यांना मधे पडदे नव्हते, लांबच लांब मोकळी नळी. आणि मग एका धाग्याच्या टोकाला पेरूच्या आकाराची पिशवी दिसली, मग दुसरी, मग चार-पाच. बशी वीस मिनिटं फ्रिजमधे ठेवून परत बाहेर काढली, अर्ध्या तासानं बघितलं तर एक पिशवी टोकाकडून उघडली आणि आतून बारीक बारीक ठिपके बाहेर पडून पाण्यात पळायला लागले, खरंच पळत होते, थांबत, वळत, परत पळत. मी मोबाईलवर व्हिडिओ घेतला तो अजून ठेवलाय. मामा मागं उभे होते, म्हणाले, "हे काय बघायलीस गं, किडे हायत का?" मी म्हणलं, "मामा, किडे नाहीत, हा रोगच हाय, आणि हा पाण्यात पोहून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो, म्हणून चिबडातली तूर जाते."

ही होती फायटोफ्थोरा. ती बुरशीसारखी दिसते, वागते, पण खऱ्या बुरशीच्या कुळातली नाहीच, वेगळ्याच कुळातली आहे, आणि कार्बेन्डाझिम तिच्यावर चालतच नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वी आम्ही ज्या रोगावर दोन दिवस पंप मारला त्या रोगाचं ते औषधच नव्हतं. नमुना परभणीला विद्यापीठात दाखवला, तिथंही हेच सांगितलं. आम्ही ह्या वेळी ड्रेंचिंगवर एक रुपया घातला नाही, त्या कोपऱ्यातून चर काढला आणि पाणी ओढ्याला लावून दिलं. मेलेली मेली, पण पुढची पसरली नाही. एवढ्या एका गोष्टीत फोल्डस्कोपचे पैसे फिटले माझे.

दुसरी गोष्ट डिसेंबरची आणि ती मला जास्त सांगायचीय.

तूर फुलात, काही झाडांवर शेंगा भरायला आलेल्या, आणि वरच्या रानात, जिथं पाणी अजिबात तुंबत नाही तिथं, झाडं उबळायला लागली. कुठं अख्खं झाड, कुठं अर्धीच बाजू, एक फांदी हिरवी आणि एक वाळलेली. खोडावर बुडापासून वर चढत गेलेला जांभळट पट्टा, साल खरवडून खोड उभं चिरलं की आत काळ्या-तपकिरी रेघा. ही खरी मर, फ्युजेरियम उडम नावाच्या बुरशीची. आयरिश शास्त्रज्ञ एडविन बटलर ह्यांनी १९०६ मधे बिहारच्या तुरीवर हा रोग नोंदवला आणि १९१० मधे बुरशीला हे नाव दिलं, म्हणजे शंभर वर्षांवर झाली आपल्या देशात तिची ओळख होऊन, तरी आपल्याकडं अजून प्रत्येक वाळलेल्या झाडाला नुसतं "मर" म्हणतात.

खोडाचे करंगळीएवढे तुकडे केले, स्पिरिटनं पुसले, पाण्यानं धुतले, आणि बंद डब्यात ओल्या टिश्यू पेपरवर ठेवले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कापलेल्या तोंडावर पांढरी, जराशी गुलाबी झाक असलेली लव आली. त्या लवीवर सेलोटेप हलकेच टेकवली आणि स्लाइडवर लावली. रंग दिल्याशिवाय नीट दिसत नाही, काचेसारखी पारदर्शक असते ती, माझ्याकडं लॅबमधला रंग नव्हता म्हणून फाउंटन पेनची निळी शाई आणि व्हिनेगर मिसळून थेंब टाकला, बरं काम झालं. आणि दिसली बुरशीची बीजं, म्हणजे बीजाणू. बारीक, बाकदार, दोन्हीकडे निमुळती, मधे दोन-तीन आडव्या रेघा, आणि एका टोकाला गळासारखा वळलेला आकडा. तो आकडा ही उडमची खूण. लांबी असते साधारण २० ते ४० मायक्रॉन, जाडी तीन-चार मायक्रॉन, म्हणजे ह्या लेन्सला झेपते. मोबाईलवर मामांना दाखवलं तर ते म्हणाले, "हे तर विळेच हायत की." अगदी बरोबर. कापणीला बसलेल्या बायकांचे विळे ओळीनं मांडून ठेवल्यासारखे. त्याशिवाय बारीक गोलसर दाण्यासारखे बीजाणू पण असतात, ते मात्र फोल्डस्कोपमधे नुसते ठिपके दिसतात, त्यांचा आकार सांगता येत नाही, एवढी मर्यादा लक्षात ठेवा.

इथपर्यंत सगळं छान. पण मग मी एक करून बघितलं. बांधावर मागच्या वर्षीच्या तुराट्या पडून होत्या, कुजलेल्या, आणि शिवाय ज्वारीच्या रानातलं सडकं पाचट होतं, त्याचेही तुकडे डब्यात ठेवले. तिथंही विळे आले. आकडा थोडा कमी-जास्त, पण विळेच. आणि आमच्या चांगल्या, अजिबात न उबळलेल्या, शेंगांनी लगडलेल्या तुरीच्या मुळाचा तुकडा ठेवला तर तिथंही विळे. म्हणजे फ्युजेरियम सगळीकडं. मातीत, पाचटात, निरोगी मुळात. मग एकच झाड का मरतं? हा प्रश्न फोल्डस्कोप तुम्हाला विचारतो, उत्तर देत नाही, कारण उत्तर आकारात नाही, जीन्समधे आहे.

कापसावरून बघा. बीटी म्हणजे अळीला मारणारा जीन घातलेला कापूस. बीटीच्या बॅगेत नॉन-बीटीचं बियाणं येतं, दोन्ही सरक्या तळहातावर घ्या, कुणाच्या बापाला ओळखू येणार नाहीत. उगवणही सारखी, झाडही सारखं. पण अळी एकीचं पान खाऊन मरते आणि दुसरीचं खाऊन जगते. फरक आतल्या एक-दोन जीन्सचा. बुरशीचं तसंच. टोमॅटोवर, केळीवर, हरभऱ्यावर मर आणणारी फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम ही एकाच नावाची बुरशी आहे, मायक्रोस्कोपखाली अर्धापूरच्या केळीच्या मातीतली आणि आमच्या हरभऱ्याच्या मुळातली शेजारी ठेवली तर मीही सांगू शकणार नाही कुठली कुठली. तरी हरभऱ्यावरची केळीला काही करत नाही आणि केळीवरची हरभऱ्याला काही करत नाही.

ह्याचं कारण शोधताना जे सापडलं ते मला एमएस्सीला असताना वाचल्यापासून डोक्यातून गेलेलं नाही. २०१० मधे एक मोठं काम छापून आलं, त्यात टोमॅटोवरच्या फ्युजेरियमचा सगळा जीनोम, म्हणजे तिचा पूर्ण आनुवंशिक मजकूर, वाचला होता. त्यात काही गुणसूत्रं अशी निघाली की जी जगायला लागतच नाहीत, ती जणू वेगळी गाठोडी आहेत, आणि टोमॅटोवर रोग आणायचे जीन्स ह्या गाठोड्यात. त्यांनी निरुपद्रवी फ्युजेरियम आणि रोगट फ्युजेरियम एकत्र वाढवली तर १४ नंबरचं गुणसूत्र एकातून दुसऱ्यात गेलं, आणि काल ज्या बुरशीनं टोमॅटोला काहीच केलं नव्हतं ती आज टोमॅटो मारायला लागली. एक गाठोडं उचललं आणि साधी बुरशी खुनी झाली. हे टोमॅटोवरच्या बुरशीचं आहे, आपल्या तुरीवरच्या उडमबद्दल असंच असेल असं मी म्हणत नाही, पण विळा दिसला म्हणजे रोग सापडला असं समजायचं नाही हे ह्यातून कळतं.

आणि दुसरं, ह्याहून बारीक. आपण समजतो की जी बुरशी जोरात वाढते ती जास्त रोग करते. तसं नाही. स्पेनमधल्या कॉर्डोबा विद्यापीठातल्या लोकांनी २००१ मधे टोमॅटोवरच्या फ्युजेरियममधला एफएमके१ नावाचा एकच जीन काढून टाकला. बशीत ती बुरशी छान वाढायची, पण टोमॅटोच्या मुळात शिरायचंच तिला जमेना. त्याआधी १९९६ मधे भाताच्या करपा रोगाच्या बुरशीत तसलाच पीएमके१ नावाचा जीन काढला तर तिची पानाला भोक पाडायची नांगीच तयार होईना, बाकी वाढ व्यवस्थित. २००९ मधे एसजीई१ नावाचा जीन सापडला, तो नसला की फ्युजेरियम झाडाच्या आत जगूच शकत नाही, कारण झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमधे ती जी प्रथिनं सोडते त्यांचा स्विच ह्या जीनच्या हातात. म्हणजे वाढीचा दोर वेगळा आणि रोगाचा दोर वेगळा, काही ठिकाणी दोन्ही एकमेकांत गुंतलेले, पण बऱ्याच ठिकाणी रोगाचा दोर सुटा कापता येतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर बैल चांगला खातो-पितो, अंगानं पण भरलेला आहे, पण त्याला औताला जुंपलेलंच नाही, तर रान नांगरलं जाणार नाही. जुंपणारा हात कुठला हे ते लोक शोधतात.

तो हात हलतो कधी? तेव्हा, जेव्हा बुरशीला मुळाचा वास येतो. २०१५ मधे कळलं की टोमॅटोच्या मुळातून जे पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम बाहेर पडतं त्याच्या दिशेनं फ्युजेरियमचा धागा वळतो, आणि वास घ्यायला ती जो रिसेप्टर, म्हणजे वास पकडणारा भाग, वापरते तो बुरशीच्या जातीत जोडीदार शोधायला वापरतात तोच. मी हे मामांना समजावून सांगितलं तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हंजी मुळीच तिला बोलिवती." मला ह्याहून चांगलं सांगता येणार नाही.

आता कुणी म्हणेल की फोल्डस्कोपच्या रिव्ह्यूत हे कशाला. कारण विळा दिसला की माणूस लगेच दुकानात पळतो, मी पण पळाले असते. पण झाडानं मान टाकली म्हणजे बुरशी केव्हाच आत जाऊन नळ्या बंद करून बसलेली असते, स्विच दाबून झालेला असतो, वरून बाटली ओतून तो उलटा फिरत नाही. जे काही करायचं ते मुळाला बुरशी भेटायच्या आधी. पहिलं म्हणजे वाण, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राची बीएसएमआर ७३६, बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ही मरीला तोंड देणारी तूर आपल्याकडं सगळ्यांना माहिती आहे. तोंड देणारी म्हणजे काय, तर बुरशीची चाल ओळखणारे जीन्स झाडात आहेत. अमेरिकेत हॅरोल्ड फ्लोर ह्यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर हेच दाखवलं की बुरशीच्या एका जीनला झाडाच्या एका जीनचं उत्तर असतं. बुरशीनं आपला जीन बदलला की झाडाचं उत्तर चुकतं. हरभऱ्यात तर हे उघड आहे, हैदराबादजवळच्या इक्रिसॅट ह्या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतून १९८२ मधेच भारतात मरीच्या बुरशीचे चार प्रकार सांगितले गेले, एका प्रकाराला टिकलेला वाण दुसऱ्यासमोर बसू शकतो. म्हणून "आमच्याकडं तर ह्या वाणाला काही झालं नाही" हे पाहुण्याचं बोलणं ऐकून बियाणं घेऊ नका, आपल्या भागात काय टिकतंय ते बघा.

वरच्या रानात आमची चूक झाली ती बियाण्याचीच, घरचं जुनं बी पेरलेलं, कुठल्या वाणाचं तेही कुणाला आठवत नव्हतं. आणि सलग चार वर्षं तिथंच तूर. उडम तुराटीच्या कुजक्या तुकड्यात तीनेक वर्षं जिवंत राहते, आम्ही दरवर्षी तिला ताजं ताट वाढत होतो. मामा म्हणतात पूर्वी ज्वारीत तूर असायची, तवा एवढी उबळत नव्हती. ह्यात नुसती जुन्या दिवसांची आठवण नाही, इक्रिसॅटच्या प्रयोगातही ज्वारीबरोबर घेतलेल्या तुरीत मर कमी निघाली होती. सोयाबीन आलं, ज्वारी गेली, आणि आपण कारण दुकानात शोधायला लागलो.

ट्रायकोडर्मा म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्र बुरशी, तिच्याबद्दल पण सांगते, कारण फोल्डस्कोपचा तिथं चांगला उपयोग झाला. पाकिटातली ट्रायकोडर्मा जिवंत आहे का हे बघायला मी थोडी भुकटी शिजवलेल्या भातावर टाकून झाकून ठेवते. चार-पाच दिवसात हिरवीगार झाली तर ठीक. एका पाकिटाची झालीच नाही, काळी आणि राखाडी बुरशी आली, तारीख तर उलटलेली नव्हती, दुकानात पत्र्याखाली उन्हात ठेवलेलं असणार. हिरव्या बुरशीचा ठिपका स्लाइडवर घेतला की फांद्यांच्या टोकाला बारीक गोल बीजाणूंचे झुबके दिसतात, विळे अजिबात नाहीत. मात्र ग्रॅममधे किती जिवंत बीजाणू आहेत हे ह्यातून मोजता येत नाही, लेबलवर २० लाख लिहिलंय ते खरं का खोटं हे लॅबच सांगणार. आणि एक सारखी होणारी चूक, कार्बेन्डाझिमची बीजप्रक्रिया करून लगेच त्याच बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, अहो ट्रायकोडर्मा पण बुरशीच आहे, मरतेच की ती.

वस्तूच्या तक्रारी म्हणाल तर मोठ्या नाहीत. थंडीत पहाटे बोटं आखडलेली असताना फोकस धरवत नाही, दुपारी बघा. आखाड्यावर धूळ फार, लेन्सवर बसली की सगळं धुरकट, मी चष्म्याच्या कपड्यानं पुसते, रुमालानं नका पुसू. मोबाईलचं कव्हर जाड असेल तर चकती नीट बसत नाही, कव्हर काढा. मोठ्या मायक्रोस्कोपची बरोबरी होत नाही, करायचीही नाही, रोगाची पक्की ओळख हवी असेल तर नमुना विद्यापीठात नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात न्यायचाच. पण नेताना "तूर वाळायली" एवढंच सांगण्यापेक्षा "खोडात काळ्या रेघा आहेत, विळ्यासारखे बीजाणू दिसले, हा फोटो" असं सांगितलं तर समोरचा माणूस पण उठून बसतो आणि नीट बोलतो, हा माझा दोन वेळचा अनुभव आहे.

शाळेसाठी तर डोळे झाकून घ्या. पुतण्याच्या वर्गात एक दिवस नेला, पोरींनी बांधावरच्या डबक्याचं पाणी बघितलं, गव्हावरचा तांबेरा बघितला, आणि एकीनं विचारलं की बुरशीला कसं कळतं कुणाला मारायचं. एमएस्सीत आम्हाला हा प्रश्न दुसऱ्या वर्षाला पडला होता. मी तिला मुळीच्या वासाचं सांगितलं, तर ती म्हणाली मग मुळीचा वास बदलता येईल का. मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही, चांगल्या अर्थानं.

आता वरच्या रानात ह्या खरिपाला तूर नाही, ज्वारी धरायची ठरलीय, तूर खालच्या रानात बदनापूरच्या बियाण्याची, आणि तुराट्या सगळ्या उपटून जाळणासाठी घरी आणल्यात, रानात एक ठेवली नाही. गल्लीतल्या बायका आता हरभरा उबळला की माझ्याकडं घेऊन येतात. त्यांना सांगते तेच इथं सांगते, झाड वरून मोडून आणू नका, खुरप्यानं खोल खणून मुळासकट काढा, माती झटकू नका, पॉलिथिनमधे घालू नका घाम सुटतो, वर्तमानपत्रात गुंडाळा, आणि शेजारचं एक चांगलं हिरवं झाड पण त्याच्याबरोबर आणा, दोन्ही बघावी लागतात.